सहा नंबर पास

शुक्रवारी पावणेपाचला नंदकुमार दाबके नऊ नंबरच्या मशीनवरून आपल्या टेबलाशी परत आला आणि ट्रेमधल्या पॅडकडे बघून जागीच थांबला. पॅडावर पांढरी प्रत होती. तिच्याखालच्या गुलाबी, हिरवी आणि पिवळी या तिन्ही प्रती कुणीतरी व्यवस्थित फाडून नेल्या होत्या.

एरवी यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सिल्वासाजवळच्या मसाटच्या त्या धाग्याच्या कारखान्यात नंदकुमार तपासणी विभागाचा इंजिनिअर होता. दिवसभरात निघालेला माल तो तपासायचा, छापील फॉर्मवर अहवाल लिहायचा आणि खाली सही करायचा. साडेचारला झुंबर शिपाई येऊन रंगीत प्रती वाटायचा. गुलाबी मशीनखात्यात, हिरवी पॅकिंगमध्ये आणि पिवळी जनरल मॅनेजर भास्कररावांच्या केबिनमध्ये. सात वर्षांत झुंबरनं एकही कागद चुकीच्या टेबलावर ठेवला नव्हता, आणि एकही कागद वाचला नव्हता. दोन्ही गोष्टींचा त्याला सारखाच अभिमान होता.

पण आजचा अहवाल धाग्याचा नव्हता. तो येत्या रविवारी पुण्याला होणाऱ्या पाचव्या रेसचा होता.

नंदकुमारचे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकींचं वजन करायच्या खोलीत कारकून होते. तीस वर्षं त्यांनी तो काटा सांभाळला, पण घोड्यावर कधी एक रुपया लावला नाही आणि मुलाकडूनही तशीच शपथ घेतली. मुलानं ती पाळली. मात्र शपथ पैसे न लावण्याची होती, विचार न करण्याची नव्हती. दर शुक्रवारी वापीहून रेसचं पुस्तक मागवायचं आणि काम उरकल्यावर दहा मिनिटं घोड्यांची मांडणी करायची, हा एवढा एकच नाद नंदकुमारला होता. त्यातही त्याचा जीव पावसाळी, ओल्या मैदानावरच्या रेसमध्ये. कोरड्यात कोण पळेल हे कुणीही सांगेल, चिखलात कोण पळेल ते सांगायला अभ्यास लागतो, असं त्याचं मत होतं. हे मत त्यानं बायकोशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

आणि कारखान्याचा फॉर्म या कामाला असा काही बसायचा, की जणू छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घोडेच होते. लॉट नंबर, लांबी, एकूण वजन, धागा ज्यावर गुंडाळतात त्या रिकाम्या बॉबिनचं वजन, निव्वळ वजन, दोष आणि शेरा. लांबीच्या रकान्यात नंदकुमार चौदाशे मीटर लिहायचा. दोषाच्या रकान्यात 'सुरुवातीला अडतो', 'शेवटच्या दोनशे मीटरला मान टाकतो', 'तोंडावर चिखल उडाला की रुसतो' असं लिहिताना त्याला फार समाधान वाटायचं. शेवटी शेरा मारायचा. सात नापास, एक पास. मग सगळ्या प्रती फाडून तो खिशात घालायचा आणि घरी चुलीत टाकायचा.

आज तो सगळ्यात शेवटी राखून ठेवलेल्या सहा नंबरच्या ओळीवर असताना नऊ नंबरचा ऑपरेटर चिंधा धावत आला. "साहेब चला, धागा तुटी राहिला." नंदकुमारनं घाईघाईनं ती ओळ पुरी केली, सहा नंबरपुढे 'पास' लिहिलं आणि सवयीनं सही केली. त्याहून जुन्या सवयीनं पॅड ट्रेमध्ये टाकलं.

एक्क्याण्णव सालचा ऑगस्ट होता. सोमवारी त्याच्या नोकरीचे कच्चे सहा महिने भरत होते, त्या दिवशी भास्करराव त्याला कायम करणार होते किंवा घरी पाठवणार होते. पिंपरीचा आधीचा कारखाना बंद पडल्यावर सहा महिने मेहुण्याच्या घरात काढून तो इथे आला होता. आणि त्याच्या टेबलासमोरच्याच भिंतीवर भास्कररावांच्या सहीची नोटीस होती: जुगाराशी कोणत्याही प्रकारे संबंध आढळल्यास त्याच दिवशी कामावरून कमी करण्यात येईल. बॉयलरमागे पत्ते खेळणाऱ्या दोघांना त्यांनी खरोखरच त्याच दिवशी, अर्ध्या डावातून उठवून घालवलं होतं.

नंदकुमार धावत सुटला. झुंबर गेटजवळ बशीतून चहा पीत होता.

"झुंबर, माझे कागद कुठायत?"

"वाटून टाकले ना साहेब. तुम्हीच तं म्हणे, टायमावर वाटत जा."

"पिवळा? पिवळा कुठे ठेवलास?"

"मोठ्या साहेबांच्या हातात दिला. ते निघतच होते मुंबईले. म्हणे, दे, गाडीत वाचतो." झुंबरनं बशीनंच दाखवलं. "ती पहा, चालली गाडी."

भास्कररावांची अँबॅसिडर गेटातून बाहेर वळत होती. मागच्या काचेतून त्यांचं टक्कल आणि त्यांच्या हातातला एक पिवळा कागद दिसला. त्यांनी नंदकुमारकडे पाहिलं. नंदकुमारचे हात आपोआप जोडले गेले. गाडी वापीच्या रस्त्याला लागली तरी ते सुटेनात.

भास्करराव दर शुक्रवारी घरी मुंबईला जात आणि सोमवारी सकाळी परत येत. वाटेत ते सगळे अहवाल लाल पेन्सिल घेऊन वाचत. आकड्यांची बेरीज तर तपासतच, पण वेलांट्याही सुधारत. पिवळ्याचं आता काही होण्यासारखं नव्हतं. निदान बाकीचे दोन कागद गोळा केले तर सोमवारी 'ते माझं अक्षर नाही' असं म्हणता येईल, असा एक लटपटता विचार नंदकुमारच्या मनात आला. मग आपली सही आठवली आणि तोही विचार बसला.

मशीनखात्यात गुलाबी प्रत नेहमीप्रमाणे बोर्डावर लावलेली होती. तिच्यापुढे दुसऱ्या पाळीचे पंधरावीस जण उभे होते आणि चिंधा मोठ्यानं वाचून दाखवत होता. "तीन नंबर. शेवटच्या दोनशे मीटरले मान टाकतो. नापास."

"काढ तो कागद," नंदकुमार म्हणाला.

"साहेब, तुम्ही घोड्यायचंबी चेकिंग करता?" चिंधाच्या चेहऱ्यावर निव्वळ आदर होता. "पण एक गोष्ट समजली नाही. एक नंबरवर साठ किलो अन् आठ नंबरवर एकोणपन्नास, असं काहून?"

घाबरलेला माणूससुद्धा आपल्या आवडीच्या विषयावर गप्प बसू शकत नाही. "त्याला हँडिकॅप म्हणतात," नंदकुमार म्हणाला. "जो घोडा चांगला पळतो त्याच्यावर जास्त वजन द्यायचं, वाईट पळतो त्याच्यावर कमी. म्हणजे सगळे सारखे होतात."

"जितला तं?"

"पुढच्या वेळी आणखी वजन."

चिंधानं थोडा विचार केला. "म्हणजे आपल्या कारखान्यासारखंच झालं," तो म्हणाला. सगळे हसले. नंदकुमारनं बोर्डावरचा कागद ओढून काढला, चार कोपरे टाचण्यांना तसेच राहिले. पण तोवर तीन जणांनी तो सिगारेटच्या पाकिटांवर उतरवून घेतला होता.

पॅकिंगमधली हिरवी प्रत मंजुळाबाईंकडे होती. मंजुळाबाई धुळ्याकडच्या. चाळीस बायका-पुरुषांच्या त्या खात्यावर त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी कागद घडी करून बटव्यात ठेवला होता आणि काढून द्यायला त्या तयार नव्हत्या.

"सहा नंबर पास म्हणता ना साहेब? खाली सही तुमचीच ना?"

"सही माझीच आहे, पण..."

"झालं तं मग. सहा महिन्यांत तुमच्या सहीचा एक खोका वापस आला नाही. आधीच्या साहेबाचा तं अर्धा टेम्पो वापस यायचा." त्यांनी आवाज खाली केला. "आमचा वाळू रविवारी परळला बहिणीकडं जाई राहिला. पुण्याच्या घोड्यांवर मुंबईच्या रेसकोर्सातबी पैसे लावता येतात म्हणे. आम्ही सगळ्यांनी मिळून जमवलेत."

"मंजुळाबाई, हात जोडतो, असलं काही करू नका! घोड्याचं काही सांगता येत नाही."

मंजुळाबाई मान डोलावून हसल्या. "समजलं साहेब. सगळ्यांनी लावलं तं भाव पडतो, म्हणून तुम्ही नाही म्हणता. आम्ही बाहेर बोलणार नाही. फक्त मशीनखात्यालेच सांगितलंय."

सामरवरणीच्या घरी पोचताच नंदकुमारनं बूटही न काढता बायकोला सगळं सांगून टाकलं. सुजातानं त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही पैसे लावलेत का?"

"नाही गं."

"मग कशाला घाबरता?"

"भास्कररावांना कळलं की नोकरी जाईल. आणि घोडा हरला तर साठ माणसं मला मसाटच्या नाक्यावर धरतील."

"आणि जिंकला तर?"

या शक्यतेचा नंदकुमारनं विचारच केला नव्हता. त्यानं केला, आणि त्याला आणखी भीती वाटली. जिंकला तर सगळीकडे बोभाटा होईल आणि भास्कररावांना नोकरी घालवायला पुरावाच मिळेल.

शनिवार त्यानं कसाबसा काढला. कारखान्यात जो भेटेल तो त्याच्याकडे बघून हळूच सहा बोटं दाखवत होता. संध्याकाळी तो राखोलीच्या पुलावर जाऊन उभा राहिला. दमणगंगा तुडुंब वाहत होती. पॅड आणि रेसचं पुस्तक दोन्ही नदीत टाकावं म्हणून तो आला होता. पण पॅड कारखान्याच्या कुलुपात होतं आणि पुस्तक हातून सुटेना. रविवारच्या पाचव्या रेसला मैदान ओलंच असणार एवढं मात्र त्यानं आभाळाकडे बघून मनाशी नोंदवलं.

रविवारी पहाटे पाचला चहा घेताना त्यानं शुक्रवारी पॅडावरून काढून खिशात ठेवलेली पांढरी प्रत पुन्हा एकदा उघडली. निदान आपली मांडणी तरी पक्की आहे, एवढाच दिलासा त्याला हवा होता. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर... सहा नंबरच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं आणि त्यानं कप खाली ठेवला.

"काय झालं?" सुजातानं विचारलं.

"मी बॉबिन वजा केली."

"घोड्याची?"

तसंच झालं होतं. सहा नंबरचा जॉकी नवा, काडीसारखा. ठरवून दिलेलं चोपन्न किलो वजन पुरं करायला खोगीर आणि शिशाच्या पट्ट्या मिळून चार किलो तरी घालावे लागणार, असा नंदकुमारचा अंदाज होता. तो चाराचा आकडा लिहायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्यानं 'रिकाम्या बॉबिनचं वजन' या रकान्यात लिहिला. इतक्यात चिंधा हाक मारत आला. त्या रकान्यात आकडा दिसला की तो एकूण वजनातून वजा करायचा, ही त्याच्या हाताला सहा महिन्यांची सवय. हातानं वजा केला. चोपन्नचे पन्नास झाले. बाकी सात घोड्यांच्या त्या रकान्यात काहीच नव्हतं, म्हणून त्यांच्यातलं काही वजा झालं नाही. पण खोगीर आणि शिसं घोड्याच्या पाठीवरच असतं! ते वजनात धरलेलंच असतं. वडील असते तर त्यांनी तिथल्या तिथे कान धरला असता.

"म्हणजे खरं कोण पास?"

"दोन नंबर," नंदकुमार म्हणाला. "सहा नंबर ओल्या मैदानावर चोपन्न किलो घेऊन पाचात पण येणार नाही. माझ्या सहीवर साठ माणसं बुडणार, सुजाता."

आतापर्यंतची भीती स्वतःपुरती होती. ही वेगळी होती. मंजुळाबाईंच्या बटव्यातला तो हिरवा कागद त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यानं रेनकोट उलटाच चढवला आणि स्कूटरला किका मारल्या. अकराव्या किकेला ती सुरू झाली.

सिल्वासाच्या नाक्यावर वापीला जाणारी जीप भरत होती. वाळू पुढच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून बसला होता.

"वाळू, उतर! सहा नंबर लावू नकोस. चूक झालीय. दोन नंबर लाव."

वाळू जागचा हलला नाही. "मंजुळाबाईंनी सांगितलंय साहेब. म्हणे, साहेब येतील, भाव टिकवासाठी उलटं सांगतील, आयकू नको."

"अरे, मी शपथेवर सांगतो! मी बॉबिन वजा केली!"

जीपमधल्या सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. वाळूला मात्र थोडी शंका आली. तो पॅकिंगमधला होता, बॉबिन चुकली म्हणजे काय होतं ते त्याला ठाऊक होतं.

"मग सहीचा कागद द्या साहेब."

नंदकुमारनं रेसच्या पुस्तकाचं शेवटचं पान फाडलं आणि पावसात गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. वाळूनं तो कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"साध्या कागदावर कसं चालीन साहेब? मागच्या महिन्यात मी साध्या कागदावर वजन लिहून दिलं तं तुम्हीच वापस केलं. म्हणे, फॉर्मवर आण."

पॅड मसाटला कारखान्यात होतं. "पाच मिनिटं थांब, फॉर्म आणतो," असं ओरडून त्यानं स्कूटर वळवली. तो मसाटला गेला, वॉचमनला उठवून पॅड काढलं आणि 'दुरुस्ती अहवाल' लिहून सही केली. परत नाक्यावर आला तेव्हा जीप जाऊन अर्धा तास झाला होता. चारही प्रती त्याच्या हातात होत्या आणि रंग एकमेकांत उतरत होते.

रविवारचा उरलेला दिवस त्यानं पलंगावर भिंतीकडे तोंड करून काढला. पाचवी रेस साडेचारला होती. साडेचारला त्यानं डोळे मिटून घेतले. संध्याकाळी सुजातानं त्याला उठवून राजीनामा लिहायला बसवलं. "काढून टाकण्यापेक्षा आपण सोडलेली बरी," ती म्हणाली. मग वाचून म्हणाली, "आणि 'कृपया' नीट लिहा. ते वेलांट्या बघतात."

सोमवारी सकाळी राजीनामा खिशात घालून तो गेटातून आत शिरला. वॉचमन उभा राहिला. यापूर्वी तो कधी उभा राहिला नव्हता. पॅकिंगच्या दारात मंजुळाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. त्याला बघताच त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण हुंदका आला आणि त्या आत वळल्या. मशीनखात्यात आवाज बंद पडल्यासारखा वाटला. सगळे त्याच्याकडेच बघत होते. काय झालं ते विचारायचा त्याला धीर झाला नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पास कोण ते लिहिणाऱ्यालाच निकाल काय सांगायचा, असं त्यांना वाटत होतं.

"साहेब," झुंबर पुढे आला. "मोठे साहेब बोलवी राहिले. म्हणे, ताबडतोब."

भास्कररावांच्या टेबलावर पिवळी प्रत पसरलेली होती. त्यांनी स्वतः उठून केबिनचं दार लावलं. मग खिडकीही लावली. नंदकुमारनं राजीनामा काढून टेबलावर ठेवला.

"हे नंतर," भास्करराव म्हणाले. "दाबके, सहा नंबरच्या ओळीत तुम्ही खोगिराचं वजन वजा केलंत."

"हो सर."

"ती चूक आहे."

"हो सर."

"ती मी... ती माझ्या एका मित्रानं दुरुस्त केली." भास्कररावांनी घसा साफ केला. पिवळ्या कागदावर पन्नासचा आकडा लाल पेन्सिलीनं खोडून चोपन्न केला होता. सहा नंबरचा 'पास' खोडून दोन नंबरपुढे 'पास' लिहिला होता. अक्षर भास्कररावांचं होतं. नोटिशीवर होतं तेच. "त्या मित्राला रेसचा थोडा नाद आहे. त्याच्या सासऱ्यांना, म्हणजे आपल्या शेठजींना... म्हणजे त्याच्या शेठजींना हे माहीत नाही. माहीत होता कामा नये."

आपल्या समोरचा माणूस आपल्याइतकाच घाबरला आहे, हे नंदकुमारच्या तेव्हा लक्षात आलं. म्हणून त्याला धीर आला असं मात्र नाही. घाबरलेला साहेब त्यानं यापूर्वी पाहिला नव्हता, आणि तो काय करेल याचा काही अंदाज नव्हता.

"दोन नंबर चौथा आला," भास्करराव म्हणाले.

"आणि सहा?"

"तुम्हाला माहीत नाही?" भास्करराव खुर्चीत मागे रेलले. "पहिला आला. तीन घोड्यांच्या लांबीनं. आतल्या कडेचे घोडे चिखलात रुतले, बाहेरच्या कडेचे घसरले. तुमचा सहा नंबर मधून निघून गेला. सगळ्या कारखान्यानं तुमच्या सहीवर विश्वास ठेवला, दाबके. फक्त माझ्या मित्रानं आकडे तपासले." त्यांनी लाल पेन्सिल बाजूला सारली. "चूक तुम्हाला कधी कळली?"

"काल पहाटे सर. मी वाळूला अडवायला गेलो होतो. पण साध्या कागदावरची दुरुस्ती चालत नाही म्हणाला."

"बरोबर आहे," भास्करराव खिन्नपणे म्हणाले. "तो नियम माझाच आहे."

भास्कररावांनी राजीनामा उचलला, वाचला, एक वेलांटी सुधारली आणि खणात टाकला. त्याच खणातून त्यांनी दुसरं पत्र काढलं. नंदकुमार दाबके यांना कायम करण्यात येत आहे. तपासणीबरोबरच यापुढे पॅकिंग आणि स्टोअर या विभागांची जबाबदारीही त्यांच्याकडे राहील. पगाराचा विचार पुढील वर्षी करण्यात येईल.

"लोकांचा तुमच्यावर एवढा विश्वास आहे म्हटल्यावर," भास्करराव म्हणाले. "आणि दर शुक्रवारी तो दुसरा अहवाल पाठवत जा. फक्त पिवळी प्रत. बाकीच्या वाटायच्या नाहीत, लोकांना जुगाराची सवय लागते. मी तसं परिपत्रक काढतो."

"हो सर. यापुढे नीट तपासून..."

"तपासू नका!" भास्करराव एकदम पुढे झुकले. "मागच्या वेळी जसा केलात तसाच करा. बॉबिनसकट."

"पण सर, ते मी केलं नव्हतं. नऊ नंबरच्या मशीनवरून बोलावणं आलं, त्या घाईत झालं."

"मग," भास्करराव म्हणाले, "बोलावणं येईल असं मी बघतो."

बाहेर येताच चिंधानं त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि मंजुळाबाईंनी पेढ्याचा अख्खा पुडा हातात ठेवला. हुंदक्याचं कारण आता समजलं: त्यांच्या घरावर या दिवाळीआधी पत्रे बसणार होते. "पुढच्या शुक्रवारी कोण पास साहेब?" त्यांनी विचारलं, आणि नंदकुमारच्या हातातला पेढा हातातच राहिला.

घरी सुजाता दारातच उभी होती.

"कायम झालात?"

"झालो."

"पगार वाढला?"

"नाही."

"मग वाढलं काय?"

नंदकुमारनं बूट काढले आणि भिंतीला टेकून बसला. "चार किलो," तो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी तो पुन्हा पॅड पुढे घेऊन बसला. आठ घोडे होते आणि मैदान ओलं होतं. सात ओळी झाल्या. आठवी ओळ अर्धी झाली आणि चिंधा धावत आला.

"साहेब, चला. नऊ नंबर."

"काय झालं?"

"काही नाही. मस्त चालू आहे. मोठ्या साहेबांनी सांगितलं, बरोबर साडेचारला साहेबांना बोलवायचं, घाई करायची." चिंधानं क्षणभर थांबून ओरडून दाखवलं, "लवकर चला!"

नंदकुमार दचकला, काहीतरी लिहिलं, सही केली आणि गेला. नऊ नंबरचं मशीन दहा मिनिटं बघत उभा राहिला. मशीनला काही झालं नव्हतं. परत आला तेव्हा ट्रेमधल्या पॅडावर फक्त पांढरी प्रत उरली होती. गुलाबी, हिरवी आणि पिवळी, तिन्ही व्यवस्थित फाडून नेलेल्या होत्या.

तो धावत गेटाशी गेला. झुंबर बशीतून चहा पीत होता.

"झुंबर! फक्त पिवळी द्यायची होती! परिपत्रक निघालंय ना तसं?"

"निघालं ना साहेब," झुंबर म्हणाला. "मीच तं वाटलं सगळीकडं. कारखान्यात एक टेबल सोडला नाही."

"मग वाचलं नाहीस?"

झुंबरनं बशी खाली ठेवली. सात वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्यावर असा आरोप करत होतं.

"मी कुणाचा कागद वाचत नाही साहेब," तो म्हणाला. मशीनखात्यातून चिंधाचा मोठ्यानं वाचण्याचा आवाज येऊ लागला होता.